मतदार यादीचं ॲप, चिठ्ठी प्रिंटर आणि हिरवी घरं : सांगलीच्या एका अपक्ष उमेदवाराचा वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मी २०२६ च्या जानेवारीत सांगली मिरज कुपवाड महापालिकेला उभी होते. अपक्ष. आमच्या प्रभागातली क जागा, सर्वसाधारण महिला. पडले. १३१२ मतं मिळाली, तिसरा नंबर. निकालानंतर महिनाभर कुणाशी फार बोलले नाही, आता खर्चाचा हिशोब देऊन झालाय आणि डोकं जरा जाग्यावर आलंय म्हणून बसून लिहिते. कारण असं की उभं राहायच्या आधी मी लई शोधलं, हे मतदार यादीचं ॲप नक्की काय असतं, घ्यावं का, किती पैशाला घ्यावं, आणि मराठीत कुणीच स्वतः वापरून लिहिलेलं सापडलं नाही. सापडल्या त्या सगळ्या जाहिराती. पुढच्या वेळी एखादी ताई पदर खोचून अपक्ष उभी राहिली तर तिला हे वाचायला मिळावं एवढ्यासाठी लिहितेय, लांब झालं तरी चालंल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी माझं एका गोष्टीवरून अजून लेखी चालू आहे, ते शेवटी सांगते.

आधी थोडं माझं. माझं शिलाईचं दुकान आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, ड्रेस, तेरा वर्षं झाली. आमचा भाग गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरी नसताना गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पाडून विकलेला. ज्यांना माहीत आहे त्यांना कळंल, पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी महिनाभर हलत नाही, गटार काढलेलं असतं पण ते कुठं जाऊन मिळतं ते कुणालाच माहीत नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका आणि मी मिळून एका शाळेत बारा दिवस भाकरी थापल्या. २०२१ ला परत तेच. तिथनं हे सगळं सुरू झालं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये शेवटची निवडणूक झालेली, २०२३ च्या ऑगस्टला मुदत संपली, मग नुसता प्रशासक, अडीच वर्षं तक्रार घेऊन जायला नगरसेवक म्हणून कुणी नव्हतंच. बायका म्हणायला लागल्या तू उभी रहा. मी राहिले.

आता आमच्याकडची निवडणूक कशी असते ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय ॲपचं काय ते कळणार नाही. ७८ नगरसेवक, २० प्रभाग, बहुतेक प्रभागात चार-चार जागा, अ ब क ड. म्हणजे एका मतदारानं चार मतं द्यायची. अ ची पत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी, ड ची फिकी निळी. चारही जागांना बटण दाबल्याशिवाय, नाहीतर नोटा दाबल्याशिवाय, मतदान पूर्ण होत नाही आणि तो मोठा आवाज येत नाही. पक्षवाले चौघांचं पॅनेल करतात आणि दारात जाऊन एकच सांगतात, चारीकडं आमचं चिन्ह बघा आणि दाबा. अपक्ष बाईला मात्र सांगावं लागतं की आज्जी, पहिली दोन तुमच्या मनानं, तिसऱ्या जागेला पिवळ्या कागदावर कपबशी, मग चौथं परत तुमच्या मनानं. हे दारात उभं राहून वीस-एकवीस हजार मतदारांना सांगायचं. आणि चिन्ह मिळालं ३ जानेवारीला, प्रचार संपला १३ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला. साडेदहा दिवस. पक्षाचं चिन्ह लोकांना लहानपणापासून पाठ असतं, माझं ३ तारखेला दुपारी मलाच कळलं. मला शिवणयंत्र हवं होतं, ते दुसऱ्यांना गेलं.

म्हणून पॅकेज घेतलं. एकूण ४२ हजार. त्यात ॲप १४ हजार, दोन ब्लूटूथ प्रिंटर ९ हजार, रेकॉर्ड केलेले फोन कॉल ७ हजार, आणि सर्व्हे १२ हजार. आमच्या महापालिकेला खर्चाची मर्यादा ९ लाख होती, माझा सगळा खर्च पावणेतीन लाखाच्या आसपास झाला, त्यातले निम्मे भिशीचे आणि दुकानातले. तेव्हा ४२ हजार माझ्यासाठी मोठी रक्कम होती हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

ॲपमधलं सगळ्यात चांगलं आधी सांगते, ते म्हणजे नाव शोधणं. निवडणूक आयोगाची यादी पीडीएफमध्ये असते, पानंच्या पानं, त्यात कुणाचं नाव हाताने शोधायचं म्हणजे डोळे जातात. ॲपमध्ये आडनाव टाकलं की अख्खी यादी समोर, यादी भाग, अनुक्रमांक, मतदान केंद्र, खोली. इंटरनेट नसलं तरी चालतं. आमच्या भागात सात-आठ पोरं-पोरी, माझे मिस्टर, दीर, दोन भाच्या, दुकानातल्या दोघीजणी, सगळ्यांच्या मोबाईलला टाकलं. दारात गेलं, आडनाव विचारलं, दहा सेकंदात नाव दाखवलं की माणसाचा चेहराच बदलतो. आपलं नाव यादीत आहे हे बघून लोकांना किती बरं वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं. एक मावशी म्हणाल्या, "रेशन कार्डावर न्हाय, घरपट्टीवर न्हाय, हितं तरी हाय की गं." त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेऊन स्वतःच्या नावावर बोट ठेवून बघितलं.

पण ती यादी ॲपमध्ये कशी चढवतात ते विचारून घ्या. पीडीएफमधनं मशीनने वाचून घेतलेली असते, त्यामुळं चुका भरपूर. कांबळेचं कावळे झालेलं, सुलोचनाचं सलोचना, वय ६३ चं ३६. बरोबर स्पेलिंग टाकलं की नाव सापडत नाही आणि कार्यकर्ता दारातच सांगून मोकळा होतो की तुमचं नाव नाही. हे फार वाईट आहे. नाव नाही म्हटलं की ते माणूस मतदानाला येतच नाही, आपल्याला तर नाहीच आणि कुणालाच नाही. आमच्याकडं तीन दिवसांनी हे लक्षात आलं, मग मी सगळ्यांना सांगितलं की ॲपमध्ये सापडलं नाही तर "नाही" म्हणायचं नाही, "रात्री बघून सांगते" म्हणायचं, आणि रात्री जेवणं झाल्यावर मी आणि मिस्टर कागदी यादी घेऊन बसायचो. रोज चाळीस-पन्नास नावं. त्यातली निम्म्याहून जास्त सापडायची. उरलेली खरंच शेजारच्या प्रभागात गेलेली असायची, रस्त्याच्या अलीकडचं घर आणि नाव पलीकडच्या प्रभागात. कंपनीला चुका कळवायची सोय ॲपमध्ये आहे, मी सव्वाशे चुका कळवल्या, दुरुस्त किती झाल्या ते मतदानाच्या दिवसापर्यंत मला दिसलं नाही.

प्रिंटर. हा घ्याच. खिशात मावणारा, ५८ मिलिमीटरचा रोल, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा, नाव काढलं की चिठ्ठी बाहेर. मराठी अक्षरं नीट येतात, एका चिठ्ठीला सहा-सात सेकंद लागतात. एका चार्जिंगमध्ये दोनशे-सव्वादोनशे चिठ्ठ्या निघतात असा आमचा अनुभव, जास्त सांगतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. दुसरा प्रिंटर पाचव्या दिवशी कागद ओढेना झाला, आत धूळ गेलेली, शिलाई मशीनचा ब्रश घालून साफ केला तर चालू झाला. कंपनी म्हणत होती परत पाठवा, बदलून देतो, आठ दिवस लागतील. आठ दिवस आमच्याकडं होतेच कुठं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगायला पाहिजे होती. तो कागद उष्णतेनं काळा पडतो. आमच्या गल्लीतल्या एका वैनींनी चिठ्ठी हरवू नये म्हणून गॅसच्या शेगडीमागं, फरशीला टेकवून ठेवली, तीन दिवसांनी मी परत गेले तर म्हणाल्या, "ताई, तुमची चिठ्ठी जळाली ओ." जळालेली नव्हती, भाकरीच्या वाफेनं आणि धगीनं सगळी चिठ्ठी काळी झालेली, एक अक्षर दिसत नव्हतं. घरातल्या पाचही जणांच्या चिठ्ठ्या तशाच. तिथनं पुढं मी प्रत्येक दारात सांगायला लागले की देवाऱ्यात, दिव्याजवळ, शेगडीजवळ ठेवू नका, डब्यात ठेवा. आणि अजून एक, सुरुवातीला आम्ही चिठ्ठीवर माझं नाव आणि कपबशी छापायचो. केंद्राजवळ असली चिठ्ठी चालत नाही. मतदानाच्या दिवशीसाठी साध्या, नुसतं नाव आणि क्रमांक असलेल्या वेगळ्या काढाव्या लागल्या, ती सेटिंग ॲपमध्ये आहे पण लपलेली आहे, आधीच शोधून ठेवा.

चिठ्ठी देताना पिवळ्या पत्रिकेचं सांगायला मला सोपं पडलं ते हळदीमुळं. सांगलीत हळद कुणाला समजावून सांगावी लागत नाही, मार्केट यार्डात आमच्या भागातल्या कितीतरी बायका कामाला जातात. "हळदीच्या रंगाचा कागद, तिथं कपबशी" एवढं म्हटलं की आज्जी मान हलवायच्या. हे वाक्य कुठल्या पॅकेजमध्ये नव्हतं, आमच्या दुकानातल्या पोरीला सुचलं, आणि आमच्या अख्ख्या प्रचारात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं तेच.

आता मुख्य गोष्ट. ॲपमध्ये प्रत्येक मतदाराला रंग लावता येतो. हिरवा म्हणजे आपला, पिवळा म्हणजे कुंपणावरचा, लाल म्हणजे समोरच्याचा. कार्यकर्ते दारात जाऊन आले की रंग लावायचा आणि वर आकडा दिसत राहतो, आज इतके हिरवे. मी रोज रात्री तो आकडा बघायचे. पहिल्या दिवशी ३१०. चौथ्या दिवशी पंधराशे. १३ तारखेला, भोगीच्या दिवशी, प्रचार संपला तेव्हा ४१६०. माझ्या अंदाजाने साडेचार-पाच हजारात सीट निघणार होती. त्या रात्री मी झोपलेच नाही, आनंदानं. मिस्टर म्हणाले एवढे नसतील, निम्मे धर. निम्मे धरले तरी २०८० होतात.

मिळाली १३१२.

१६ तारखेला रात्री घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. मग आमच्या मोजणीला बसलेल्या पोरांनी केंद्रवार आकडे लिहून आणलेले तो कागद घेतला, ॲप उघडलं आणि प्रत्येक केंद्राचे हिरवे एका बाजूला, मिळालेली मतं दुसऱ्या बाजूला असं वहीत लिहून काढलं. दोन रात्री लागल्या. ते बघून मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही, पण साडेदहा दिवस आम्ही कुठं फिरलो ते नक्की बदललं असतं.

आमच्या गल्लीच्या आसपासची तीन केंद्रं, तिथं हिरवे ५४०, मतं मिळाली ४९७. म्हणजे जवळजवळ सगळी. आणि प्रभागाच्या पलीकडच्या टोकाची सात केंद्रं, तिथं हिरवे १४५०, मतं ११८.

एवढा फरक कसा? एक कारण कुणीही सांगेल, लोक दारात नाही म्हणत नाहीत. आमच्याकडं तर नाहीच म्हणत. "बघू की", "तुमालाच की ओ ताई", "आमचं काय दुसरं हाय का" असं म्हणतात, पाणी देतात, बसवतात, त्यात खोटेपणा नसतो, दारात आलेल्या बाईला नाही म्हणून कसं पाठवायचं ही आपली रीतच आहे. पण तेवढ्यानं १४५० चे ११८ होत नाहीत. दुसरं कारण ॲपमध्ये होतं.

ॲपमध्ये "पूर्ण कुटुंबाला लावा" असं बटण आहे. एका माणसाला हिरवा केला आणि ते बटण दाबलं की त्याचं घर सगळं हिरवं. ॲप कुटुंब कसं ठरवतं, तर आडनाव एक आणि घर नंबर एक. आता गुंठेवारी भागात यादीमध्ये घर नंबरच्या रकान्यात कितीतरी जणांच्या पुढं नुसती रेघ असते, नाहीतर काहीच नसतं. म्हणजे ज्यांचं आडनाव एक आणि घर नंबर रिकामा ते सगळे ॲपच्या लेखी एक कुटुंब. पलीकडच्या टोकाला मला असं एक "कुटुंब" सापडलं, ३७ माणसांचं. तिथं जाऊन बघितलं तर चार वेगवेगळ्या गल्ल्यांतली नऊ घरं, एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. त्यातल्या एका घरातल्या एका आज्जींनी माझ्या भाचीला "देतो की बाळ" म्हटलेलं, भाचीने बटण दाबलं आणि ३७ जण हिरवे झाले. अशी "कुटुंबं" मी मोजली, पलीकडच्या बाजूला एकोणीस निघाली.

भाचीला विचारलं तर ती पोरगी रडायलाच लागली. "मामी, मला वाटलं सगळे एकाच घरातले आहेत." तिची काहीएक चूक नाही. तिला कॉलेजची परीक्षा होती, तरी रोज चार तास उन्हात फिरली. मी तिला त्या दिवशी जवळ घेऊन बसले, आणि हे इथं लिहायचं ठरवलं ते तेव्हाच. हे बटण ज्यांनी बनवलं त्यांना आमच्यासारखे भाग माहीत नसतील, पण विकताना ते आमच्यासारख्या भागातच विकतात. मी कंपनीला फोन करून हे सांगितलं, समोरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घर नंबर नसेल तर ते बटण वापरायचं नसतं." कुठं लिहिलंय ते? ट्रेनिंग दिलं चाळीस मिनिटांचं, व्हिडिओ कॉलवर, त्यात हे नव्हतं.

आणि त्या हिरव्या आकड्यावर विसंबून आम्ही काय केलं, तर ८ तारखेनंतर पलीकडच्या टोकाला जाणं बंद केलं. तिथं आपलं झालंय म्हणून. शेवटचे पाच दिवस मधल्या भागात घातले. म्हणजे जिथं लोकांनी मला फक्त एकदा बघितलं होतं, दुसऱ्यांदा जायला हवं होतं, तिथंच मी गेले नाही. याची रुखरुख मला पराभवापेक्षा जास्त लागून राहिलीय.

कॉल आणि सर्व्हेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माझ्या आवाजातला कॉल लोकांना दुपारी दोनला गेला, कामाला गेलेल्यांनी उचलला नाही, घरातल्यांनी उचलला आणि ठेवला, आणि दोन-तीन कॉल तर थेट कुपवाडच्या ओळखीच्यांना गेले, त्यांनी मला फोन करून विचारलं तुम्ही आमच्याकडनं उभ्या आहात का. सर्व्हेला चार पोरं आलेली, दोन दिवस, ६०० फॉर्म, रिपोर्टमध्ये मी दुसऱ्या नंबरवर, "थोडा जोर लावला तर विजय". फॉर्म मागून घेतले तेव्हा बऱ्याच फॉर्मवरचं अक्षर एकाच हातचं वाटलं. हे १९ हजार गेले ते गेले. घेऊ नका. त्या पैशात रिक्षा लावा, परवानगी एक खिडकीतनं मिळते, आणि साधी पत्रकं छापा. आमचे खणभागातले प्रेसवाले आण्णा रात्री अकराला पत्रकं काढून द्यायचे, मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि किती प्रती ते खाली छापलंय का हे स्वतः तपासायचे, बिल जागेवर. खर्चाच्या हिशोबाला बिल लागतं, पॅकेजवाल्यांचं बिल मला तीन वेळा मागावं लागलं.

मतदानाच्या दिवसाचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी ॲपनं खरंच काम केलं. १५ तारखेला सकाळी सातपासून आमचं टेबल होतं, केंद्रापासून ठरवून दिलेल्या अंतरावर. आमच्या केंद्रात मोबाईल आत नेऊ देत नव्हते, त्यामुळं लोकांना नाव आणि क्रमांक कागदावरच लागत होता. पक्षांच्या टेबलांवर कागदी याद्या, गर्दी, आरडाओरडा. आमच्याकडं दोन मोबाईल, दोन प्रिंटर. नऊ वाजेपर्यंत बातमी पसरली की त्या कपबशीवाल्या बाईच्या टेबलावर नाव लगेच सापडतंय, आणि सगळ्या पक्षांची माणसं आमच्याकडं यायला लागली. आमच्या पोरांनी विचारलं, ताई, द्यायची का सगळ्यांना? मी म्हटलं सगळ्यांना. दिवसभरात नऊशेच्या वर चिठ्ठ्या निघाल्या. काठी टेकत एक आजोबा आले, दोन टेबलांवरनं त्यांना नाव नाही म्हणून परत पाठवलेलं. आमच्या ॲपमध्येही नव्हतं, मग कागदी यादी काढली तर आडनावाचं पहिलं अक्षरच चुकलेलं, वडिलांच्या नावावरनं सापडलं. त्यांना आत सोडून आले, चार बटणं दाबायची आजोबा, मोठा आवाज येईपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी कुणाला दिलं मला माहीत नाही, विचारलंही नाही. बाहेर आले आणि बोटावरची शाई दाखवून गेले.

आता कंपनीशी लेखी चालू आहे ते. ॲपमध्ये मतदाराच्या नावापुढं मोबाईल नंबर टाकायची जागा आहे. आमच्या पोरांनी दारोदारी विचारून ३९०० नंबर टाकले. लोकांनी ते मला दिले, माझ्या तोंडाकडं बघून दिले, पूर आला तर कळवते, पाण्याची वेळ बदलली तर कळवते असं मी सांगितलेलं म्हणून दिले. ॲपची मुदत ३१ जानेवारीला संपली. १ फेब्रुवारीला उघडलं तर आत जाता येईना, मुदत संपली आहे, रिन्यू करा, पाच हजार. म्हटलं मला ॲप नको, नंबर तेवढे फाईलमध्ये काढून द्या. तर म्हणे ते तुमच्या प्लॅनमध्ये नाही. मग म्हटलं देऊ नका, पण पुसून टाका, आणि पुसल्याचं लेखी द्या. त्यावर उत्तर आलं की डेटा सर्व्हरवर सुरक्षित असतो, काळजी करू नका. मला नेमकी त्याचीच काळजी आहे. माझी एक मैत्रीण वकील आहे, तिनं सांगितलं की २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी प्रत्यक्ष लागू व्हायला अजून अवधी आहे, तरी लेखी मागत रहा. तीन ईमेल केलेत. तिसऱ्याला अजून उत्तर नाही.

घेणार असाल तर सही करायच्या आधी एवढं कागदावर लिहून घ्या, की मुदत संपल्यावर आपण भरलेली माहिती आपल्याला मिळणार आणि तिकडनं पुसणार. नाही म्हणाले तर नाव शोधणं आणि चिठ्ठी एवढंच वापरा, नंबर वहीत लिहा. आणि रंग लावायचाच तर एकेका माणसाला लावा, कुटुंबाच्या बटणाला हात लावू नका, आणि दुसऱ्यांदा त्या दारात जाऊन आल्याशिवाय हिरवा करू नका. पाचपैकी किती म्हणाल तर प्रिंटरला साडेचार, नाव शोधायला साडेतीन, रंगाच्या भानगडीला एक, मुदत संपल्यावरच्या वागण्याला मी काहीच देणार नाही.

सध्या मी संध्याकाळी दुकान बंद केलं की नंबर दिलेल्या घरांत जाऊन येते. सांगते की तुमचा नंबर त्या ॲपमध्ये आहे, मी पुसायला सांगितलंय, अजून पुसलेला नाही, कुणाचा उगाच फोन आला तर मला कळवा. पलीकडच्या टोकापासून सुरू केलंय, १४० घरं झाली. काही जण म्हणतात जाऊ दे ओ ताई, आमचा नंबर कुणाकडं नाही. त्या ३७ जणांच्या "कुटुंबा"तल्या आज्जी परवा भेटल्या, मी सगळं समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आत जाऊन सुनेला हाक मारली, "हिला आपला नंबर परत दे, ह्या बारीला वहीत लिहून घिऊ दे." सूनबाईंनी सांगितला, मी लिहून घेतला.